पार्किंग मिळालं नाही!

'शनिवारी संध्याकाळी काय करतोयस रे?' जिन्यात आजींनी गाठलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, वय 72. वाटलं, सिलिंडर हलवायचा असेल. तर म्हणाल्या, 'झाडं वाचवायला जायचंय. स्कूटरवर सोडशील?'

ही गोष्ट एप्रिल 2023 ची. 15 तारखेला वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरोधात हजारो पुणेकर सेनापती बापट रस्त्यावर उतरले होते. मग नदीकाठ प्रकल्पात झाडं जाणार म्हणून 29 ला 'चलो चिपको' निघालं. मी आजींना संभाजी बागेपाशी सोडलं आणि 'पार्किंग नाहीये' म्हणत सटकलो. खरं कारण वेगळंच. व्हिसाचं काम चालू होतं. फोटोत आलो, पोलिसांच्या वहीत नाव गेलं तर?

रात्री आजी चपला काढता काढता म्हणाल्या, 'मोर्च्याला जाणं सोपं रे. जेसीबी आल्यावर समोर कोण बसतं, ते बघायचं.'

मला आरे आठवलं. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. मुंबईकर धावत आले. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. 7 तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, पण तोवर 2,141 झाडं पडली होती. बरं, मेट्रोही पर्यावरणासाठीच ना? म्हणून तर हा विषय व्हॉट्सअॅप फॉरवर्डइतका सोपा नाही.

आणि बॉस, हे फॅड परदेशातून आलेलं नाही. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज ट्रॅफिकला शिव्या घालतो, त्या सेनापती बापटांनी मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सुरुवात 1921 च्या रामनवमीला. मावळातली साधी शेतकरी माणसं, बायकामुलांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. पुण्यातले सावकार भरपाईकडे वळले, मावळ्यांना मात्र जमीनच हवी होती. लढा हरला, धरण झालं. वीज मुंबईला गेली.

सावकारांबद्दल वाचलं तेव्हा जरा टोचलंच. व्हिसा सांभाळणारा मी कुठल्या बाजूला बसतो, ते कळलं.

कायदा मोडा, असं मी सांगत नाहीये. तो उघडपणे, शांतपणे मोडायचा आणि शिक्षा हसत घ्यायची, ही सत्याग्रहाची अट. ती सगळ्यांना परवडत नाही. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे, त्याला तर नाहीच. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुटला, तेव्हा पाणी दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांमध्ये शिरलं. आपल्यापासून दहा मिनिटांवर. हवामान बिघडण्याची किंमत आधी तिथेच मोजली जाते. मग धोका पत्करण्याची पाळी कुणाची? ईएमआयवाल्यांची की त्यांची?

व्हिसा मिळाला. जाऊन आलोही. आजी अजून तिसऱ्याच मजल्यावर आहेत, गुडघे मात्र कुरकुरतात.

परवा पुन्हा जिन्यात भेटल्या. 'रविवारी टेकडीवर यायचंस का? की पार्किंग नाही?'

म्हटलं, 'आजी, रिक्षानं जाऊ.'