क्रमांक चुकला सरांचा, गुण गेले मुलीचे!



आधी माझीच चूक सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची घटक चाचणी होती. आदल्या रात्री मी दुसऱ्या प्रश्नातला (आ) हा उपप्रश्न काढला, पण पुढचे क्रमांक बदलायचे राहून गेले. पेपरात (अ) नंतर थेट (इ)! एका मुलीनं आपल्या मनानं क्रम सरळ केला आणि (इ) च्या उत्तरापुढे (आ) लिहिलं. माझ्या नमुना उत्तरात (आ) तोच जुना होता. मी तिचं उत्तर कापलं. ती हळूच म्हणाली, "सर, उत्तर तर बरोबर हाय ना?" गुण दिले, पण मनाला लागलं ते लागलंच.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: क्रमांक हातानं टाइप करूच नयेत. मोजायचं काम यंत्राचं, शिकवायचं काम आपलं.

यासाठी मी लेटेक वापरतो. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लेटेक उभारलं. दोन्ही मोफत आहेत. मराठीसाठी झीलेटेक घ्यायचं आणि शोभिका किंवा नोटो यांसारखा युनिकोड फॉन्ट निवडायचा.

लेटेकमध्ये आपण फक्त "इथे सेक्शन", "इथे सबसेक्शन" एवढंच सांगतो. मोजणी ते करतं. मधला उपप्रश्न काढा, पुढचे आपोआप सरकतात. नवा मुख्य प्रश्न आला की उपप्रश्नांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. "वरील प्रश्न पाहा" असा संदर्भ लेबल लावून दिला असेल तर तोही बदलतो. फक्त फाइल दोनदा चालवावी लागते.

पण मूळ सोय १.१, १.२ अशी असते. आपल्याला तर १ (अ), १ (आ) हवं. मग काय करायचं? मोजणी कशी छापायची ते 'दसबसेक्शन' ही आज्ञा ठरवते. 'रिन्यूकमांड' वापरून तिला नवा अर्थ द्यायचा: आधी मुख्य प्रश्नाचा क्रमांक, मग कंसात अक्षर. अक्षरांसाठी 'इफकेस' लावून यादी द्यायची, पहिल्याला अ, दुसऱ्याला आ, तिसऱ्याला इ. (या आज्ञा संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या बरं का!) एकदा लिहिलं की वर्षभराचे पेपर त्याच साच्यात.

इथेच एक गंमत आहे. यादी द्यायची वेळ आली की ठरवावं लागतं: अ, आ, इ, ई की अ, ब, क, ड? तुकड्यांना आपण अ, ब, क, ड म्हणतो. हा क्रम आपल्या वर्णमालेचा नाही, इंग्रजी ए, बी, सी, डी च्या चालीवर आलाय. पहिलीत मुलांना अ, आ, इ, ई शिकवायचं आणि पेपरात दुसराच क्रम द्यायचा, हे मला पटत नाही. तुम्हाला दुसरा क्रम हवा असेल तर तो ठेवा, पण एका शाळेत एकच असू द्या.

काही जण म्हणतील, "सर, वर्ड आहे की!" खरंय. एका पानाच्या चाचणीला वर्ड पुरतं, त्यातही आपोआप क्रमांक देता येतात. पण आपल्यातले किती जण ती सोय वापरतात? लेटेक शिकायला सुरुवातीला दोन-चार संध्याकाळी जातात, एखादा कंस राहिला की फाइल अडून बसते. तरी लोणार सरोवरावरची प्रकल्प पुस्तिका किंवा प्रश्नपेढी करायची असेल, तर ही मेहनत वाया जात नाही.

पालकहो, तुम्हीही एक करा. पेपर घरी आला की गुणांआधी क्रमांक बघा. चूक दिसली तर न लाजता शिक्षकांना विचारा. आम्हीही माणसंच आहोत. पण आमच्या घाईची किंमत लेकरानं का मोजावी?