तेल पिणारा बुश

जबलपूरजवळ नर्मदेवर बांधलेल्या बरगी धरणाच्या पाण्यावर ४५ मेगावॉटची दोन जनित्रे चालतात. अशा विजेवर घरोघरी टेबलफॅन फिरतो. पण त्याचा दांडा ज्यात फिरतो, तो बुश असतो बोटाच्या पेराएवढा!

हा बुश बहुधा ओतीव नसतो. सुमारे नव्वद टक्के तांबे नि दहा टक्के कथील यांची भुकटी साच्यात दाबून ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. यालाच पावडर मेटलर्जी म्हणतात. तांबे वितळते १०८५ अंशांना. त्यामुळे कण पुरते न वितळता एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि मधे जवळजवळ पाव भाग पोकळी उरते. खरी गंमत त्या पोकळीत आहे. तिच्यात तेल भरतात. दांडा फिरून तापला, की तेल बाहेर झिरपते. थांबला, की वातीने ओढावे तसे पुन्हा आत जाते.

म्हणूनच साफसफाईच्या उत्साहात हा बुश रॉकेलमध्ये बुडवू नये. मुरलेले तेल धुऊन जाते आणि पंखा कुरकुरू लागतो. खोबरेल घालणे त्याहून वाईट, ते घट्ट होऊन छिद्रेच बुजवते. बुशभोवतीच्या लोकरी चकतीवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.