पेटीवाल्यांनी तरी गिटारला दार लावू नये

कारंजा तालुक्यातल्या आमच्या धनज गावी मी चाळीस वर्षे भजनात पेटी वाजवीत आलो. गाणाऱ्याच्या मागे मागे जाणे हा पेटीवाल्याचा धर्म. वाद घालणे त्याला शोभत नाही. पण गेल्या काकड्यात मी जिथे बोलायला हवे होते तिथे गप्प बसलो. ते बोलणे आज बोलतो.

माझा नातू अमरावतीस शिकतो. तो गिटार घेऊन आला होता. भजन आटोपल्यावर त्याने मोबाइलमध्ये भरून आणलेला दोन कॉर्डांचा फेरा लावला आणि त्यावर एकेक सूर काढीत मनाने वाजवू लागला. मंडळातले एक जाणते गृहस्थ कडाडले, ‘बंद कर रे पोट्ट्या! हे भजन व्हय का शिनेमा?’ शिवाय वर शास्त्रार्थही केला: आपल्या संगीतात कॉर्ड नाही, आणि ठरीव फेऱ्यावर वाजवायचे ती उपज कसली? लोक हसले. पोराने गिटार पिशवीत घातली. घरी येताना एवढेच म्हणाला, ‘आबाजी, तुमची पेटी तरी कुठची?’

कुठची? पॅरिसची! १८४२ साली दबँ नावाच्या कारागिराने तिचा हक्क नोंदवला. हिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बाहेर काढले; १९७१पर्यंत तिच्यासाठी दार किलकिलेसुद्धा झाले नाही. आज त्याच पेटीच्या आडोशाला बसून आम्ही गिटारला परकी म्हणतो! कालचा उपरा आज पाटील होऊन वेशीवर काठी घेऊन उभा राहावा, तसलाच हा प्रकार.

राहता राहिला ठरीव फेरा. तबलजी मेहनतीला बसतो तेव्हा पेटीवर लेहरा कोण धरतो? एकच सुरावट तासन्‌तास फिरवायची आणि त्याने आपले कायदे, तुकडे, तिहाया त्या चाकात बसवून समेवर यायचे. लेहऱ्याने आजवर कोणाची प्रतिभा मेल्याचे ऐकिवात नाही. चौकट पक्की असते म्हणूनच चुकले कुठे ते कळते.

कॉर्डांचा फेरा तर याहून वेगळे काही शिकवतो. तीन-चार सूर एकदम छेडले की कॉर्ड होते. सी म्हणजे सा धरा: सीची कॉर्ड सा-ग-प, एफची म-ध-सा. आता नुसता म वाजवत राहा. एफवर तो घरच्यासारखा स्वस्थ बसतो. खाली सी आली की तोच म अस्वस्थ होऊन ग कडे ओढ घेतो. सूर तोच, पायाखालची जमीन बदलली. तंबोऱ्यावर जमीन हलत नाही, म्हणून ही ओढ तिथे शिकायला मिळत नाही. मी ती या वयात नातवाकडून शिकलो.

मात्र नातवाच्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कोठला तरी मास्तर पन्नास फेऱ्यांचा कागद हाती देतो आणि पोरे ते फेरे पाढ्यांसारखे घोकतात. त्याने बोटे पळतात, कान जागचा हलत नाही. भूप घ्या. त्यात म-नी वर्ज्य. एफ वाजली की म शिरला, जी वाजली की नी शिरला; भूप संपला! पण सी आणि ए मायनर, म्हणजे सा-ग-प आणि ध-सा-ग, या दोन्ही भूपाच्या अंगणातच आहेत. एवढ्या दोघींवर महिनाभर बसा. त्यातही सावध असावे: ए मायनरच्या नादाने ध वर मुक्काम वाढला की भूपाचा देशकार होऊ लागतो. हे ज्याच्या कानाला कळले त्याला पन्नास फेऱ्यांची गरज नाही.

खुद्द अमेरिकेत माइल्स डेव्हिसने १९५९ साली ‘सो व्हॉट’ या रचनेत कॉर्डांची गर्दी दूर सारली. बत्तीस आवर्तनांतली चोवीस एकाच सप्तकावर, आणि ते सप्तक आपल्या काफीचे! उरलेली आठ तेच सप्तक अर्ध्या सुराने वर चढवून. ती माणसे फेऱ्यांतून रागाच्या उंबऱ्याशी आली. आमचा पोरगा रागाच्या गावातून फेऱ्याकडे निघाला, तर आम्ही त्याला दटावतो.

दरबारीचा आंदोलित गंधार कॉर्डच्या पिंजऱ्यात कोंडू नये, हे मलाही मान्य आहे. पण तो माझ्या पेटीवर तरी कुठे निघतो? तरीही मला कोणी उठवले नाही.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला हा मुलूख. साध्या वाद्याने माणसे कशी जोडली जातात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. यंदाच्या काकड्याला नातू येईल न येईल. गिटार अजून पिशवीतच आहे. आला, तर भजनानंतर सीची कॉर्ड मी पेटीवर धरीन, आणि ज्याला उठायचे असेल त्याने माझ्यादेखत उठावे.