सुशिक्षितांचे सोंवळे हात

यंत्र बिघडलें कीं मिस्त्रीस बोलवावें, स्वतः हात घालणें हा अडाणीपणा अथवा कवडीचुंबकपणा होय, हें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत मोठें प्रतिष्ठित आहे. त्याच्या समर्थनार्थ श्रमविभागाचें अर्थशास्त्रही पुढें केलें जातें. आम्हांस त्याच्या बुडाशीं अर्थशास्त्र दिसत नाहीं. निव्वळ सोंवळें दिसतें.

एक उदाहरण घेऊं. तें परक्याचें आहे, पण त्याचा आरंभ मुंबईंतलाच. ‘सुहैली’ ही ३२ फुटी शिडाची नौका तेथें सागवानाची बांधली गेली व १९६४ च्या डिसेंबरांत पाण्यांत उतरली. सुतारांचीं हत्यारें म्हणजे वाकस आणि सामता. तींतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज नाविक १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून एकटा निघाला आणि वाटेंत कोणत्याही बंदरास न लागतां पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनीं तेथेंच परतला. असें करणारा तो पहिलाच. शर्यतींतील नऊ जणांपैकीं शेवटास पोंचला तोही तोच. त्याचें धैर्य सर्वांनीं वाखाणलें. त्याच्या पाना-पकडीविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं.

नौका गळूं लागली तेव्हां भर अटलांटिक महासागरांत बुड्या मारून त्यानें फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी व तिच्यावर तांब्याची पट्टी ठोकली. मध्येंच शार्क मासा घोंटाळूं लागला. त्यास गोळी घालून हा पुन्हा कामास लागला. पुढें बॅटऱ्या भारणाऱ्या एंजिनाच्या मॅग्नेटोंतील फट जुळवावयाची होती आणि ती मोजण्याचें साधन जवळ नव्हतें. त्यानें एक पुस्तक घेतलें. दोनशें पानांची जाडी एक इंच. म्हणजे एक पान इंचाच्या हजारांशाच्या पांचपट. फट हवी होती सुमारें पंधरापट. तीन पानें घातलीं, काम झालें! हें त्रैराशिक चवथींतला मुलगाही तोंडीं सोडवील. पण चुंबकत्वाचे नियम घोकून पदवी मिळविलेल्या आमच्या किती विद्यार्थ्यांस तें मॅग्नेटोपुढें बसून सुचेल?

प्रतिपक्षी म्हणेल, समुद्रावर मिस्त्री नव्हता म्हणून त्यानें केलें. आमच्या गल्लोगल्लीं मिस्त्री आहेत. असतील. पण ज्यानें बंदरांत कधीं एंजिन उघडलें नाहीं, त्याला तें तुफानांत उघडतां येईल काय? आणि मिस्त्री आपणांस फसवितो कीं नाहीं हें ओळखावयास तरी त्या कामाची थोडी ओळख नको काय? आज कारखानदार यंत्रेंच अशीं बनवितात कीं मालकास तीं उघडतां येऊं नयेत. आणि आम्ही सुशिक्षित त्यालाच सोय समजून वर जादा पैसे मोजतों.

१९९७ सालीं ‘सुहैली’ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयांत मानानें ठेवण्यांत आली. तेथील कोरड्या, नियंत्रित हवेंत तिच्या फळ्या आकसूं लागल्या. दक्षिण महासागराच्या लाटांस जें साधलें नाहीं तें आदरसत्कारास साधूं लागलें! २००२ सालीं मालकानें तिला बाहेर काढलें, डागडुजीस घेतलें, आणि १४ जून २०१८ रोजीं, प्रस्थानास पन्नास वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, ती फाल्मथच्या समुद्रांत शिडें उभारून हजर होती.