शिक्षेच्या आधीची वर्षे




कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघा आरोपींना फाशीची शिक्षा फर्मावली, तेव्हा न्याय झाल्याचे समाधान साऱ्या जिल्ह्याने मानले व ते रास्तही होते. परंतु सज्ञान पुरुषाच्या हातून घडणाऱ्या क्रौर्याचे बीज त्याच्या कुमारवयात कसे रुजते, हा प्रश्न न्यायासनाच्या कक्षेबाहेरचा असल्याने तसाच राहिला.

हा प्रश्न अनाठायी नाही. बांगलादेश, श्रीलंका, चीन आदी सहा देशांतील दहा हजारांहून अधिक पुरुषांना गोपनीयतेची हमी देऊन केलेला संयुक्त राष्ट्रांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पत्नी वा प्रेयसी नसलेल्या स्त्रीवर बलात्कार केल्याचे ज्यांनी त्यात कबूल केले, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ते कृत्य प्रथम विशीच्या आतच केले होते. स्त्रीदेहावर आपला हक्कच आहे, ही भावना त्यामागे प्रबळ आढळली.

आमच्या शाळांत नववीतला मुलगा मुलीच्या वाटेत सायकल आडवी घालतो, ओढणी खेचतो. मास्तर दोन छड्या देतात किंवा ‘वयच तसे’ म्हणून सोडतात, आणि त्या मुलीची शाळा मात्र बंद होते. यांतील बहुतेक मुले पुढे निमूट संसाराला लागतात, एखादा धीट होत जातो. हा फरक घरातल्या मारहाणीने पडतो, स्वतः सोसलेल्या अत्याचाराने, सोबत्यांच्या शाबासकीने, की मोबाइलवरील चित्रफितींनी, याचा दाखला जिल्ह्याच्या कोणत्याही कचेरीत मागून मिळणार नाही. तरीही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये अतिगंभीर गुन्ह्यातील सोळा वर्षांवरील मुलाच्या मानसिक कुवतीची प्राथमिक पारख बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत करावी, अशी अपेक्षा आहे.

कारण शोधणे म्हणजे गुन्हेगाराला माफी देणे, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. कॉलऱ्याचा उगम शोधणाऱ्याने कॉलऱ्याची तरफदारी केली नव्हती.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने जिल्हा परिषदेच्या सहकार्याने सातवीतील मुलांचा विशीपर्यंत अभ्यास करावा. पालकांची संमती घ्यावी, नावे दप्तरी लावू नयेत, जवळ समुपदेशक असावा. आणि पोक्सो कायद्याने गुन्ह्याची खबर देणे बंधनकारक असल्याने गोपनीयता कोठे संपते, हे पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच मुलाला स्पष्ट सांगावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कर्जत