आजीला भेटण्याचा परवाना

पूर्वी मुलगा परदेशी निघाला की बंदरावर आई एकच प्रश्न विचारी, 'परत कधी येशील रे?' आता प्रश्न उलटा झाला आहे. मुलगा 'सुट्टीत घरी येतो' म्हणाला की आई आनंदाने उडी मारायच्या आधी विचारते, 'अरे, पण आलास तर परत जाता येईल ना?' स्वतःच्या घरी येण्याची धास्ती वाटावी, असे दिवस आले आहेत खरे!

ज्यांच्या घरचे कोणी अमेरिकेत शिकत नाही, त्यांनी हे पान उलटावे असे मी म्हणणार नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात भारतातून तिकडे गेलेले विद्यार्थी तीन लाख एकतीस हजारांवर होते आणि २००९ नंतर प्रथमच आपण चीनला मागे टाकले होते. तेव्हा हे दुखणे तुमच्या मजल्यावर नसले, तर वरच्या मजल्यावर खचित असेल.

दुखणे काय, ते आधी समजून घेऊ. व्हिसा म्हणजे नाटकाचे तिकीट. दारावरच्या माणसाला ते दाखवायचे आणि आत जायचे. एकदा खुर्चीत बसलात की पडदा पडेपर्यंत तुम्हाला कोणी तिकीट विचारीत नाही. विद्यार्थ्याचेही तसेच. तिथे राहण्याचा त्याचा हक्क पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसावर अवलंबून नसतो. विद्यापीठाने दिलेला आय-२० नावाचा कागद आणि आत शिरताना झालेली नोंद, या दोहोंवर तो असतो. व्हिसाची मुदत संपली तरी अभ्यास नियमाने चालू असेल, तर मुलगा बेकायदा ठरत नाही. पण मध्यंतरात बटाटावडा खायला तो बाहेर पडला, की दारावरचा माणूस म्हणणार, 'नवे तिकीट दाखवा.' आणि हे नवे तिकीट त्या नाट्यगृहात मिळत नाही! विद्यार्थ्याचा व्हिसा अमेरिकेत बसून नवा करता येत नाही. त्यासाठी बाहेरच यावे लागते.

आपल्या मुलांना हा व्हिसा बहुधा पाच वर्षांचा मिळतो. दोन वर्षांत एम.एस. करणाऱ्याला तो पुरून उरतो. पण पीएच.डी. हे प्रकरण लग्नाच्या बैठकीसारखे असते; केव्हा उरकेल, हे मुख्य मंडळींनाही सांगता येत नाही. पाचवे वर्ष सरते, व्हिसा सरतो, प्रबंध मात्र सरत नाही.

गंमत पाहा. असा मुदत संपलेला व्हिसा असूनही, कॅनडाचा रीतसर परवाना काढून तिथे तीस दिवसांच्या आत फिरून यायला अमेरिकेची सहसा हरकत नसते. म्हणजे पलीकडच्या तीरावरून नायगरा पाहून येता येते, पण दादरच्या आजीला भेटून येता येत नाही! त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फी (२०२३च्या जूनपासून ती १८५ डॉलर झाली), पुन्हा बोटांचे ठसे आणि पुन्हा मुलाखत.

मुलाखत मध्यंतरी बऱ्याच जणांना माफ असे. जुना व्हिसा नवा करायचा तर कागद पेटीत टाकून काम भागायचे. २ सप्टेंबर २०२५ पासून ही सवलत विद्यार्थ्यांपुरती बंद झाली. पाठोपाठ सांगण्यात आले, की अर्ज स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. म्हणजे तिसऱ्याच देशात चार दिवस राहून शिक्का मिळवण्याची वाटही अरुंद झाली. त्याच वर्षी २७ मेपासून विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे तीन आठवडे थांबले होते आणि पुढे जूनमध्ये त्या सुरू झाल्या, तेव्हा मुलांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, असा दंडक आला. पूर्वी मुलीच्या सासरचे लोक शेजाऱ्यांकडे चौकशी करीत, त्यातलाच हा प्रकार.

या साऱ्याची किंमत डॉलरांत मोजता आली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या इमारतीतला एक मुलगा तिकडे संशोधन करतो. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. प्रबंधाचे शेवटचे सहा महिने, व्हिसा संपलेला, आणि परत जाता आले नाही तर पाच वर्षांवर पाणी. आईनेच फोनवर सांगितले, 'येऊ नकोस, बाळ.' तेराव्याला मेजावर फोन उभा करून ठेवला होता आणि त्यातून तो पाहत होता. कोणी त्याला नावे ठेवली नाहीत. पण त्या माउलीने पंगतीत वाढताना तीनदा त्या फोनकडे पाहिले, ते मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून आमच्या पुतणीने गेल्या वर्षी 'काका, मी येऊ का?' असे विचारले, तेव्हा मी लगेच 'ये' म्हणालो नाही आणि 'नको' तर नाहीच नाही. तीन वर्षे ती आली नव्हती. तिची आजी, म्हणजे आमची आई, सत्याऐंशीची. दर रविवारी ती फोनवर विचारायची, 'यंदा तरी येतेस ना?' आणि उत्तर मिळायचे, 'बघू गं आजी.' सत्याऐंशीच्या माणसाला 'बघू' हे उत्तर किती वर्षे द्यायचे?

आम्ही कामाला लागलो. आय-२०वर प्रवासासाठी विद्यापीठातल्या अधिकाऱ्याची सही लागते आणि ती साधारण वर्षभरच चालते. पुतणीने कागद काढून पाहिला, तर सही चौदा महिन्यांपूर्वीची! निघण्याआधी पाहिले म्हणून बरे. दोन दिवसांत नवी सही आली. मग गुणपत्रके, विद्यापीठ पगार देते त्याचे पत्र, मार्गदर्शकांचे पत्र, आणि आपण काय संशोधन करतो ते साध्या भाषेत सांगणारे एक पान. ते पान तिने आधी मला वाचून दाखवले. मला कळले, तेव्हा ते कोणालाही कळेल, अशी तिची खात्री पटली.

अर्जात एक गोम असते. तिकडच्या कायद्याचे कलम २१४(ब) असे मानून चालते, की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे. तसे नाही, हे अर्जदाराने पटवायचे. मायदेशी आपले घर आहे आणि ते सोडण्याचा आपला विचार नाही, हे विद्यार्थ्याने दाखवायचे. म्हणजे जायला मिळावे म्हणून परत येणार असल्याची साक्ष द्यायची! पुतणी हे समजावून सांगत होती. आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, 'घर आहे याचा पुरावा? मी आहे की! मला घेऊन चल.'

आजीला अर्थातच आत नेता येत नाही. फोनसुद्धा नेता येत नाही. ज्यांनी २०११ पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर, म्हणजे वांकानेरच्या राजेसाहेबांच्या जुन्या महालाबाहेर, मुलाची वाट पाहिली असेल, त्यांनी आता वांद्रे-कुर्ला संकुलात जावे. महाल गेला, पण फायली छातीशी धरून उभे असलेले आईबाप तेच आहेत. पुतणीला विचारले ते चारच प्रश्न. संशोधन कशावर, किती उरले, खर्च कोण करते, पुढे काय. तीन मिनिटांत ती बाहेर! पाचव्या दिवशी शिक्का मारलेला पासपोर्ट हातात आला. त्याने आईला आनंद झाला की दुःख, हे मला नीटसे उमगलेले नाही.

सर्वांचे इतके सुरळीत होतेच असे नव्हे. काहींना २२१(जी)ची चिठ्ठी मिळते. तो कायमचा नकार नव्हे, अधिक चौकशी असते. पण तिला किती दिवस लागतील, हे कोणी सांगत नाही. विशिष्ट तंत्रज्ञानाच्या विषयांत ती अधिक संभवते. म्हणून मुलांना माझे सांगणे, की मुलाखतीची वेळ आधी मिळवा, मग तिकीट काढा, तेही तारीख बदलता येईल असे. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मुलाखत ठेवू नका. उशीर झाला तर वर्ग कोण घेईल, हे मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा. आणि नियम शेजाऱ्याच्या भाच्याला विचारू नका, माझ्या या लेखावरही विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात सरकारी माहिती आणि विद्यापीठाचे कार्यालय, दोन्हीकडे पाहा.

परत जाण्याची परवानगी गाठीला बांधून मायदेशी येणे, हे आपल्याला नवे नाही. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. पुस्तके वेगळ्या बोटीवर होती, ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. तरी ते १९२० साली परत गेले आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झालेच. आपल्या मुलांची परीक्षा त्या मानाने पुष्कळ सोपी आहे.

आणि आईबापांनो, यंदाच्या दिवाळीत मुलगा फोनवर 'या वर्षी जमणार नाही' म्हणाला, तर रुसू नका. 'व्हिसा कधी संपतोय रे?' एवढे विचारा. तो मनातले बोलू लागेल. मग दोघे मिळून पुढच्या वर्षीच्या सुट्टीची तारीख ठरवा आणि ती आजीला सांगा. 'बघू' म्हणू नका, तारीख सांगा. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने खूण करील.