रचनेतील वजाबाकी
शिकागोत १९८०च्या दशकात घडलेल्या 'हाउस' संगीताची रचना शिकू पाहणारे बहुधा थरांवर थर चढवत जातात. आमच्या मते हे शिक्षण वजाबाकीपासून सुरू व्हावे. मिनिटाला १२८ ठोके धरल्यास ३२ ठोक्यांचा खंड १५ सेकंदांत संपतो. नाचणाऱ्याचे शरीर ही मोजणी नकळत करू लागते. म्हणूनच मध्ये किक ड्रम थांबला की त्याचा अभाव जाणवतो आणि परतण्याला अर्थ येतो. आरंभी व अखेरीस बहुधा नुसता ताल उरतो, कारण डीजे तिथे दुसरी तबकडी जोडतो. तयार साचा खंडांची संख्या सांगेल. कोणता स्वर केव्हा काढून घ्यावा, हे सांगणार नाही. कलाकृती स्वयंपूर्णच असावी, असे मानणाऱ्या साहित्याभ्यासकांनी ही जाणूनबुजून मोकळी ठेवलेली टोके अवश्य ऐकावीत.